तोच आहे म्हणे

पाऊस जरा उघडला होता. परसात सप्टेंबरातला तो दमट, कुजक्या पानांचा वास होता, दोरीवरचे कपडे वाळतील याचा भरवसा नव्हता, आणि आई मागच्या पायरीवर पाय सोडून बसली होती. शेवग्यातून बारीक आवाजात ‘चिस्ली’ असं काहीतरी ऐकू आलं. थोड्या वेळाने पुन्हा. मान न वळवताच ती म्हणाली, “आला बघ आपला.” मी दुर्बीण आणायला आत पळाले. बाहेर येऊन पानोपानी शोधलं तेव्हा कुठे एक हिरवट-करडा जीव या डहाळीवरून त्या डहाळीवर निसटताना सापडला. डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर असून नसल्यासारखी एक रेघ, आणि क्षणभर एका जागी ठरेल तर शपथ. हिरवट पर्ण वटवट्या. या मोसमातला पहिला. “वटवट्या आलाय,” मी जाहीर केलं. “वटवट्या असेल नाहीतर आणखी कोणी. तोच आहे, गेल्या वर्षीचा,” आई म्हणाली. कशावरून, असं विचारलं, तर उत्तर द्यायचं तिने मनावरच घेतलं नाही.

गोष्ट एवढीच, पण कुसळासारखी सलत राहिली. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. पायरीवरून शेवग्याचा शेंडा तिला नुसता हिरवा दिसतो, त्यात पान कुठलं आणि पक्षी कुठला हे कळायचा प्रश्नच नाही. दुर्बीण तिने आयुष्यात एकदा डोळ्यांना लावली आणि “यात माझ्याच पापण्या दिसतात” म्हणून परत दिली. तरी खात्री तिला, आणि पुस्तकं चाळून, फोटो ताडून, आवाज पुन्हापुन्हा ऐकून मी म्हणणार ‘बहुधा’. खरी अडचण त्याच्याही पुढची होती. मी शाळेत होते तेव्हापासून ती दर शरदात ‘आपला’ आला म्हणते. तिच्या हिशेबाने तो एकच. जेमतेम आठ ग्रॅमचा पक्षी इतकी वर्षं जगत नाही हे तिला सांगायचं कसं? आणि सांगून मिळवायचं काय?

शरदात परसात येणारे हे छोटे पक्षी पहिल्यांदा बघणाऱ्याची निराशाच करतात. त्याने स्थलांतर म्हणजे आकाश भरून जाणारे थवे अशी काहीतरी कल्पना केलेली असते. तसे थवे भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, असतात खरे. मध्य आशियातल्या गवताळ मुलखात पिलं वाढवून त्या सगळ्यांच्या आधी, भर पावसाळ्यातच परततात, आणि त्यांचा कलकलाट दोन गल्ल्या सोडून ऐकू येतो. मग धोबी येतात, शेपटी वरखाली करत ओल्या फरशीवर मालकासारखे फिरतात. त्यांच्याकडे लक्ष न जाणं अवघडच. सहाव्या शतकात वराहमिहिराने खंजनाच्या, म्हणजे याच धोब्याच्या, दर्शनावर अख्खा अध्याय लिहून ठेवला, तो कुठे बसलेला दिसला तर काय फळ मिळतं वगैरे. फळाचं मला माहीत नाही, पण पाऊस सरताना तो दिसतो हे तेव्हाही लोकांच्या ध्यानात होतं, याचं बरं वाटतं. धोब्यांच्या मागून हळूच, कुणाला न सांगता येतात ते हे बारके. वटवटे, माशीमार, भिंतीच्या कडेला शेपूट थरथरवत बसणारा थिरथिरा. रंग म्हणाल तर मळके. माशीमाराच्या नराच्या गळ्याला तेवढा केशरी रंग असतो, पण आपल्याकडे दिसणाऱ्यांत पहिल्या वर्षाची पोरं आणि माद्या इतक्या की तो रंग दिसला तर त्या दिवशी मी घरात सगळ्यांना सांगत सुटते.

आणि गाणारे पक्षी म्हणून ज्यांची ख्याती, ते येतात तेव्हा गात नाहीत. गाणं तिकडे, पिलांच्या मुलखात. इकडे फक्त एखादा तुटक स्वर. वटवट्याचं ते ‘चिस्ली’, माशीमाराचं संध्याकाळी कुंपणातून येणारं कोरडं ‘टिर्र’, आणि ब्लिथचा बोरू वटवट्या तर घाणेरीच्या जाळीत बसून जिभेने टाळूवर टिचकी मारावी तसं नुसतं ‘चक्’ म्हणतो. त्याला बघायचं असेल तर गुडघे टेकून, मान वाकडी करून जाळीच्या बुडाशी बघावं लागतं, आणि बघून हाती काय लागतं, तर एक पक्षी. तपकिरी. फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या झुडपांतून तो इथे आलेला असतो, पण अंगावर त्याची एकही खूण नाही.

मला तर या मळकेपणाचीच ओढ वाटते. मोराकडे कुणीही बघेल.

आता त्या ‘चिस्ली’बद्दल. मी बरीच वर्षं समजत होते की पक्षी आपल्या नादात काहीतरी बोलतोय. मग एका सकाळी शेवग्यावर दोन आले. एकमेकांसमोर फांदीवर बसले, दोघंही पंख फडफडवत तेच तेच ओरडू लागले, आणि पुढच्या क्षणी एकाने दुसऱ्याला पानांतून असं हुसकावलं की दोघं कुंपणापार जाऊनच दिसेनासे झाले. परतला तो एकटाच. म्हणजे ती हद्दीची ललकारी होती. पिलं नाहीत, घरटं नाही, मादीला रिझवायचं नाही, तरीही जागेसाठी भांडण. ट्रेव्हर प्राइस या पक्षिशास्त्रज्ञाने भारतात राहून हिवाळ्यातल्या याच वटवट्यांचा अभ्यास केला आणि १९८१ साली प्रसिद्ध केला. पुढे मधुसूदन कट्टी यांनी तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडन्तुरैच्या जंगलात तेच काम नेटाने केलं. प्रत्येक पक्षी आपापला झाडांचा तुकडा धरून बसतो, त्यातले किडे खातो आणि दुसऱ्याला आत येऊ देत नाही. सप्टेंबरात धरलेली जागा एप्रिलपर्यंत सांभाळायची. वर्षाचे सात महिने. तिकडे उत्तरेत पिलांसाठी थांबतो तो जून ते ऑगस्ट, फार तर तीन. हे कळल्यापासून माझं जरा गोंधळल्यासारखं झालंय. मी त्याला दुरून आलेला पाहुणा समजून कौतुक करत होते, आणि तो आपल्याच जागेवर येऊन शेजाऱ्याला दम देत होता.

तो येतो कुठून, हेही दुर्बिणीतून सांगता येत नाही. काश्मीरच्या देवदारांतून उतरलेला असेल, मध्य आशियातून, किंवा त्याच्याही पलीकडून. या पक्ष्याची मोठी मजेशीर गोष्ट आहे. तिबेटच्या उघड्या पठारावर त्याला राहता येत नाही, म्हणून पठाराभोवतीच्या जंगलांत तो गोल पसरत गेला. हिमालयातून एक फांटा पश्चिमेकडून वर गेला, एक पूर्वेकडून. वाटेत शेजारशेजारचे पक्षी एकमेकांना ओळखतात, जोड्या लावतात, गाणं मात्र मैलागणिक थोडं थोडं बदलत जातं. शेवटी सायबेरियाच्या जंगलात दोन्ही टोकं समोरासमोर येतात तेव्हा एकाचं गाणं दुसऱ्याला आपलं वाटतच नाही. टाइसहर्स्ट नावाच्या अभ्यासकाने १९३८ मध्ये याचा अंदाज बांधला होता, आणि २००१ मध्ये डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी गाणी व डीएनए तपासून ते दाखवून दिलं. कुठल्याही एका जागी उभं राहिलं तर ‘हा आणि पलीकडचा तोच आहे’ असं खुशाल म्हणता येतं, आणि तसं म्हणत म्हणत पूर्ण फेरी मारली की हातात दोन वेगळे पक्षी उरतात. आईला हे सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि “मग आपला कुठला?” एवढंच विचारलं.

तिच्या या ‘आपला’मागे एक जुनी गोष्ट आहे, असा माझा संशय आहे. मी लहान असताना, परतीचा पाऊस संपून हवेत पहिला कोरडेपणा आला त्या सुमारास, एका सकाळी ओसरीच्या कोपऱ्यात नवरंग बसलेला सापडला. हिरवी पाठ, पिवळट छाती, पोटाशी लालभडक डाग, डोळ्यांवरून गेलेला काळा पट्टा आणि खुंटलेली शेपूट. इतके रंग एकाच पक्ष्यावर असू शकतात हे मला पटेना. तो उडत नव्हता, डोळे मिटत होता. वडिलांना ड्रॉपरने पाणी पाजायचं होतं, भावाला हातात घ्यायचं होतं. आईने दोघांना मागे सारलं, त्याच्यावर एक टोपली उपडी घातली, टोपलीवर धुतलेलं जुनं पातळ टाकलं, आणि दिवसभर ओसरीवर कुणी फिरकायचं नाही असं सांगितलं. मी खिडकीतून त्या टोपलीकडे बघत दुपार काढली. आत तो मेला असेल अशी मला खात्री होती आणि ते बघायला लागू नये म्हणून संध्याकाळ होऊच नये असंही वाटत होतं. दिवेलागणीच्या आधी तिने टोपली उचलली. तो दोन उड्या मारत पायरीपर्यंत गेला, थांबला, आणि कुंपणाच्या काळोखात शिरला. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की नवरंग मध्य भारतातून आणि हिमालयाच्या पायथ्याकडून दक्षिणेला, श्रीलंकेपर्यंत रात्रीचा उडत जातो, आणि वाटेत थकून घराघरांत, बागांत असा सापडतो. अंधार आणि एकांत याशिवाय त्याला काही नको असतं. आईला हे कुणी शिकवलं होतं, कळत नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, दमलेल्याला काय हवं असतं त्यात कळायचंय काय. त्या नवरंगाबद्दल ‘पुन्हा येईल’ असं ती कधी म्हणाली नाही, हेही खरं. तो वाटसरू होता. वटवट्याचं तसं नाही.

रात्रीच्या प्रवासाचा विचार करायला लागलं की माझं डोकं चालेनासं होतं. यातले बहुतेक बारके पक्षी रात्रीच उडतात. हवा थंड आणि शांत असते, शिक्र्याची भीती नसते, आणि दिवस पोट भरायला मोकळा राहतो. निघण्याआधी ते इतके खातात की काही जातींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. आणि गंमत म्हणजे वटवट्याच्या पहिल्या वर्षाच्या पोराबरोबर आईबाप नसतात. तीनेक महिन्यांचा तो पक्षी, ज्याने आपलं झुडूप सोडून जग पाहिलेलं नाही, एका रात्री एकटा उठतो आणि बरोबर दक्षिण धरतो. स्टीफन एमलेन यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या निळ्या बंटिंग पक्ष्यांना तारांगणात, कागदी नरसाळ्यात ठेवलं. नरसाळ्याच्या बुडाशी शाईचा पॅड. पक्षी ज्या दिशेला उडी घेई तिकडच्या कागदावर पावलांचे ठसे उमटत. काही पिलांना तर त्यांनी खोट्या आकाशाखाली वाढवलं, जिथे सगळे तारे ध्रुवाऐवजी मृगातल्या काक्षी या ताऱ्याभोवती फिरत होते. मोठी झाल्यावर त्या पिलांनी काक्षीलाच उत्तर मानून आपली वाट धरली. म्हणजे कुठला तारा हे रक्तात नसतं, न फिरणारी जागा शोधायची एवढं असतं. त्याच सुमारास जर्मनीत रॉबिन पक्ष्यांना पृथ्वीचं चुंबकत्व जाणवतं हेही दिसून आलं. अशी एकावर एक होकायंत्रं घेऊन ते पोर निघतं. पण होकायंत्र दिशा सांगतं. शेवगा सांगत नाही.

इथेच मला आईचा मुद्दा पुन्हा भेटला. पेरडेक नावाच्या डच शास्त्रज्ञाचा १९५८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी आधीही वाचला होता, पण त्याचा परसाशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. शरदात हॉलंडमधून जाणाऱ्या अकरा हजारांहून अधिक युरोपी मैना पकडून, पायात कड्या घालून त्यांनी विमानाने स्वित्झर्लंडला नेल्या आणि तिथे सोडल्या. नंतर त्या कुठे सापडतात ते पाहिलं. पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली पोरं पूर्वीच्याच दिशेने सरळ उडत राहिली आणि भलतीकडे, स्पेन आणि दक्षिण फ्रान्सकडे पोचली. ज्यांनी एक तरी हिवाळा पाहिला होता त्या मोठ्या मैनांनी मात्र दिशा बदलली आणि त्या आपल्या ओळखीच्या मुलखाकडे, वायव्येला वळल्या. पहिल्या वर्षी पक्षी दिशेवर जातो, दुसऱ्या वर्षी जागेवर. तेव्हा शेवग्यावर आलेला पक्षी दोनपैकी एक काहीतरी होता. एकतर पहिल्यांदाच निघालेलं पोर, ज्याची दिशा आणि दम योगायोगाने आमच्या कुंपणाशी संपला. नाहीतर हजारो किलोमीटरवरून हेच झाड मनात धरून आलेला.

हे लक्षात आल्यावर मी त्याच्याकडे वेगळं बघायला लागले. नळाच्या गळतीखाली दगडाच्या खळग्यात पाणी साचतं, तिथे तो थेट उतरतो का, की शोधत शोधत? पेरूवर जाताना कावळ्याची फांदी टाळतो का? सकाळचं पहिलं ऊन कढीपत्त्याच्या ज्या बाजूला पडतं आणि चिलटं जमतात, ती बाजू त्याला ठाऊक आहे का? मला वाटलं, ठाऊक आहे. मग वाटलं, मला तसं वाटून घ्यायचंय. दोन-चार दिवसांत कुठलाही पक्षी एवढं शिकेल. पुराव्याला काही अर्थ उरत नाही.

आकडे मात्र निष्ठुर असतात. या आकाराच्या गाणाऱ्या पक्ष्यांत प्रौढांपैकी साधारण निम्मे एका वर्षात मरतात. पोरांची गत आणखी वाईट. गेल्या एप्रिलमध्ये इथून गेलेला या सप्टेंबरात परत आला असण्याची शक्यता म्हणजे नाणं उडवण्यासारखी. सलग पाच वर्षं तोच येणं म्हणजे पाच वेळा लागोपाठ छापा. अशक्य नाही, पण पैज लावू नये. माझ्या शाळेपासून आजपर्यंत म्हणाल तर किती जण आले आणि संपले असतील याचा हिशेब करायला मी बसले आणि अर्ध्यात सोडून दिला. म्हणजे बहुतेक असं झालं असावं की दोन-तीन वर्षं तो यायचा, मग एका वर्षी यायचा नाही, आणि मोकळ्या शेवग्यावर एखादं नवखं पोर येऊन बसायचं. आवाज तोच, झाड तेच, वेळ तीच. आईला फरक कळायचं कारण नव्हतं. आणि मी जरी दुर्बीण लावून बसले असते तरी मलाही कळला नसता, हे सांगायला मला थोडं जड जातं.

कळायचा एकच मार्ग, पायात कडी. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आपल्याकडे १९२७ पासून हे काम केलं आहे, लाखो पक्ष्यांच्या पायांत मुंबईला कळवा असं कोरलेली कडी घातली आहे. हौसेने घरी करायचं ते काम नव्हे. त्याला परवानगी लागते आणि हाताला वळण लागतं. आठ ग्रॅमच्या पक्ष्याला जाळ्यातून सोडवताना बोटं किती हलकी लागत असतील याचा विचारही नको. हल्ली इतकी लहान नोंदयंत्रं निघाली आहेत की छोट्या पक्ष्याच्या पाठीवरही बसतात, पिसातला हायड्रोजन तपासून ते पीस साधारण कुठल्या पट्ट्यात उगवलं तेही सांगता येतं. एका ओळखीच्या अभ्यासकाने सहज विचारलं, तुमच्याकडे येतात तर कधी बघू या का? मी उत्साहाने हो म्हणाले आणि नंतर त्याला फोन केला नाही. का, याचं उत्तर मला अजून धड देता येत नाही. आईची खात्री मोडेल म्हणून, असं म्हणणं सोयीचं आहे. पण आईची खात्री कड्यांनी मोडणाऱ्यातली नव्हे. मोडलं असतं ते माझंच काहीतरी.

अश्विनातल्या पौर्णिमेच्या आसपास मी गच्चीवर जाऊन चंद्राकडे दुर्बीण लावते. हा खुळेपणा माझा एकटीचा नाही. १९५२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत जॉर्ज लाउरी यांच्या सांगण्यावरून शेकडो लोकांनी ठिकठिकाणी दुर्बिणी लावून चंद्रबिंबासमोरून जाणारे पक्षी मोजले होते, आणि त्यावरून रात्रीच्या स्थलांतराचा पहिला मोठा नकाशा तयार झाला. माझ्या नशिबी बहुतेक वेळा मान अवघडणं येतं. एकदा एक काळा ठिपका बिंबाच्या कडेवरून सरकत गेला, सरळ आणि ठाम. वटवाघूळही असेल. त्या रात्री मात्र मी पुष्कळ वेळ तशीच उभी राहिले, आणि पहिल्यांदाच मला शेजारच्या काकांचा नवा फ्लडलाइट खुपला. त्यांनी तो चोरांसाठी बसवलाय आणि त्याचा अर्धा उजेड आकाशाला दिलाय. न्यूयॉर्कमध्ये दर ११ सप्टेंबरला मृतांच्या स्मरणार्थ प्रकाशाचे दोन झोत आकाशात सोडतात, ऐन स्थलांतराच्या दिवसांत. सात वर्षांतल्या अशा सात रात्रींत मिळून त्या झोतांचा सुमारे ११ लाख पक्ष्यांवर परिणाम झाला, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. पक्षी वाट सोडून उजेडाभोवती घिरट्या घालत राहतात, एकमेकांना हाका मारत राहतात. आणि दिवे मालवले की थोड्या मिनिटांत पांगून आपल्या वाटेला लागतात. हे शेवटचं वाक्य मी काकांना मुद्दाम दोनदा सांगितलं. ते म्हणाले, “पक्ष्यांसाठी आम्ही अंधारात बसायचं का?” मी म्हटलं, तसं नाही, फक्त तोंड खाली करा. त्यांनी तोंड खाली केलं, पण मला वाटतं ते दिव्याभोवती जमणाऱ्या किड्यांना कंटाळून. मला कारणाशी देणंघेणं नाही.

ऑक्टोबर सरता सरता परसाची वाटणी पक्की झाली. संध्याकाळचा कोपरा माशीमाराचा. तो लाकडांच्या ढिगावर बसतो, शेपूट वर झटकतो, की बुडाशी दोन्ही बाजूंचं पांढरं चमकतं, खाली उतरून काहीतरी टिपतो, परत जागेवर. भिंत थिरथिऱ्याची. दयाळ आणि बुलबुल हे इथले कायमचे, ते या सगळ्यांकडे नवे भाडेकरू आल्यासारखं बघतात आणि मग विसरून जातात. वटवट्याची हद्द मात्र मला नीट काढायची होती. वहीत परसाचा नकाशा करून तो जिथे जिथे ओरडला तिथे मी फुल्या मारत गेले. आश्चर्य म्हणजे बऱ्याचशा फुल्या आमच्या कुंपणाबाहेर पडल्या. शेवगा त्याचा आहे, पण काकांच्या करंजाची अलीकडची बाजूही त्याची, आणि सगळ्यात जास्त वेळ तो मागच्या मोकळ्या प्लॉटवर असतो, जिथे बोर, घाणेरी आणि कुणी न लावलेला एक कडुनिंब माजलाय. करंजाची पलीकडची बाजू दुसऱ्याची. तिथून पुढे तिसऱ्याचा आवाज येतो. आमची भिंत, काकांची भिंत, प्लॉटची तार, यांतलं काहीच त्याच्या हिशेबात नाही. ज्याला आम्ही इतकी वर्षं आमच्या परसातला म्हणत आलो, त्याच्या जागेत आमचं परस म्हणजे एक कडेचा तुकडा आहे. हे आईला सांगताना मला उगीचच जिंकल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, “असू दे की. झोपायला तर इथेच येतो.” तो झोपतो कुठे हे मी कधी पाहिलेलं नाही.

प्लॉटवर गेल्या आठवड्यात पाटी लागली. सात मजली, खाली पार्किंग. मी तिथल्या माणसाला काम कधी सुरू होणार ते विचारलं. तो म्हणाला, साफसफाई डिसेंबरात, खोदकाम जानेवारीत. जानेवारी म्हणजे ऐन कोरड्याची सुरुवात. किडे कमी होत जातात, आणि नंतर परत निघायच्या आधी त्याला पिसं बदलायची असतात, त्याला ताकद लागते. प्रत्येक झाडावर आधीच कुणी ना कुणी बसलेला आहे. हिवाळ्याच्या मध्यावर जागा गेलेल्या पक्ष्याचं काय होतं हे मी पुस्तकात शोधलं नाही.

आईला सांगितलं. तिने पाटीवर कुणाचं नाव आहे ते विचारलं, सात मजल्यांची सावली आपल्या दोरीवर पडेल का ते विचारलं, मग म्हणाली, “तो करंजावर जाईल.” मी म्हटलं, करंजावर दुसरा आहे. “मग भांडेल.” आणि लगेच, “कडेची घाणेरी तरी ठेवणार आहेत का? आणि तो कडुनिंब? कुंपणाला लागून आहे, नाही तोडला तरी चालेल त्यांना. विचारलंस का?”

विचारायचं राहिलं होतं. तो माणूस सकाळी नऊच्या सुमाराला येतो म्हणे. उद्या जाऊन येते.